समुद्राच्या पोटात डोकावणारा शास्त्रज्ञ

अंधेरीच्या पश्चिमेस, मालाडची खाडी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, वेसाव्याचा कोळीवाडा वसला आहे. नारळी पौर्णिमा झाली की येथील होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ चांगली असते. त्या ओढीच्या वाटेवर कोळी आपले डोल जाळे तोंड उघडे ठेवून बांधतात आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, कोलंबी त्यात गोळा होतात. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून खाली काय चालले असेल याचा अदमास कोळी बांधतो. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने हा अदमास पक्का झालेला असतो. तरीही तो अदमासच. जाळे वर ओढून होडीत रिकामे करीपर्यंत त्यात काय आले हे कोणासच निश्चित सांगता येत नाही. आणि जाळ्याच्या तोंडाशी आलेले मासे आत कसे शिरले, कोणते निसटले, का निसटले, हे तर जाळे वर आल्यावरही कळत नाही.

आता मात्र मासेमारी करणाऱ्यांच्या व तिचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले आहे. मुठीत मावेल एवढा कॅमेरा जलाभेद्य पेटीत बसवून तारेच्या टोकाने पाण्यात सोडतात, आणि खाली हालणारे मासे होडीत बसल्या बसल्या पडद्यावर पाहावयास मिळतात. हे साधन हाताळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना लुई बूताँ हे नाव ठाऊक असेल. पाण्याखालच्या जीवांना त्यांच्याच घरी जाऊन पाहावे आणि जे पाहिले ते काठावरच्या माणसांनाही दाखवावे, या एका इच्छेपायी या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या उमेदीची कित्येक वर्षे वेचली.

लुई बूताँ यांचा जन्म १८५९ साली पॅरिसजवळील व्हर्साय या गावी झाला. प्राणिशास्त्र हा त्यांनी आपल्या अभ्यासाचा विषय निवडला. १८८० साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने तरुण बूताँ तिकडे गेले आणि प्रदर्शनाचे काम आटोपल्यावर लगेच परत न येता त्या अपरिचित खंडात हिंडून तेथील प्राण्यांचे निरीक्षण करीत राहिले. पुस्तकातील चित्रे पाहून समाधान मानणाऱ्यांपैकी ते नव्हते, हे येथेच दिसून येते.

मायदेशी परतल्यावर त्यांचे पाय बान्यूल या गावाकडे वळले. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सरहद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी हे कोळ्यांचे व द्राक्षमळ्यांचे लहानसे गाव आहे. आंरी द लाकाझ-द्युतिए या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने तेथे सागरी जीवांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभारली होती आणि त्याच प्रांतात जन्मलेल्या आरागो या शास्त्रज्ञाचे नाव तिला दिले होते. या प्रयोगशाळेत बूताँ यांनी फिसुरेला नावाच्या एका शंखधारी प्राण्याचा अभ्यास हाती घेतला. हा प्राणी खडकाला चिकटून राहतो आणि त्याच्या टोपीसारख्या शिंपल्याच्या माथ्यावर एक भोक असते. या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याची वाढ कशी होते हे शोधण्यात बूताँ यांनी मोठा काळ घालवला.

त्या काळी समुद्रातील प्राण्यांचा अभ्यास करण्याची रीत ठरलेली होती. होडीतून जाळे सोडावयाचे, तळ खरवडावयाचा, आणि जे वर येईल ते काचेच्या बरणीत ठेवावयाचे. वर येईपर्यंत कित्येक प्राणी मरून जात, कित्येकांचे रंग उडून जात, आणि जिवंत राहिलेल्यांची वागणूकही बरणीत पूर्वीची राहत नसे. जंगलातील हरिणाला पोत्यात घालून घरी आणावे आणि त्यावरून जंगलाचे वर्णन लिहावे, तसाच हा प्रकार होता. बूताँ यांना तो पसंत नव्हता. १८८६ साली त्यांनी पाणबुड्याचा पोशाख अंगावर चढवला आणि ते स्वतः समुद्रात उतरले.

आजचा पाणबुडा पाठीवर हवेची नळकांडी बांधून माशासारखा मोकळा पोहतो. त्या वेळची गोष्ट निराळी होती. रबरी कापडाचा जाड पोशाख, डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण, त्याला समोर जाड काचेची खिडकी, पायांत शिशाचे तळवे असलेले जोडे आणि छातीवर शिशाची वजने, अशा थाटात त्याला तळावर चालावे लागे. वर होडीत माणसे हातपंप चालवीत आणि लांब रबरी नळीतून त्याला हवा पुरवीत. पंप थांबला की श्वास थांबलाच. बोलण्याची सोय नव्हती. कमरेच्या दोरीला हिसके देऊन काय ती खूण करावयाची.

अशा अवजड पोशाखातून बूताँ यांनी जे पाहिले त्याने ते भारावून गेले. खडकांच्या कपारी, प्रवाहाबरोबर डुलणारी समुद्रशैवाले, त्यांतून निर्धास्तपणे ये-जा करणारे मासे! वर आल्यावर ते इतरांस हे सर्व सांगू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, शब्दांनी हे काम होण्यासारखे नाही. चित्र काढावे, तर पाण्याखाली कागद व कुंचला चालत नाही, आणि आठवणीने काढलेल्या चित्राला शास्त्रात पुरावा म्हणून किंमत नाही. तेव्हा उरले छायाचित्र.

समुद्रात कॅमेरा सोडण्याचा प्रयत्न त्यापूर्वी झालाच नव्हता असे नाही. १८५६ साली इंग्लंडमधील वेमथच्या किनाऱ्याजवळ विल्यम टॉमसन या गृहस्थाने एका पेटीत कॅमेरा घालून तो होडीतून तळापर्यंत सोडला होता. पेटीत पाणी शिरले आणि काचेवर काही अंधूक आकार तेवढे उमटले. टॉमसन स्वतः पाण्यात उतरला नव्हता. यानंतर बरीच वर्षे ही कल्पना फारशी पुढे सरकली नाही.

बूताँ यांचे बंधू ऑग्युस्त हे अभियंते होते. त्यांनी भावासाठी तांब्याची एक जलाभेद्य पेटी तयार केली. तिच्या आत कॅमेरा बसवलेला असे आणि बाहेरच्या दांड्यांनी आतील काचा बदलता येत. पण पाणी आत न शिरू देणे वाटते तितके सोपे नसते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब वरच्या सर्व हवेच्या दाबाइतका वाढत जातो. पेटीच्या बाजूंना हा दाब आत ढकलू पाहतो आणि जेथे सांधा कच्चा असेल तेथून पाणी घुसते. यावर भावांनी एक युक्ती योजली. पेटीला त्यांनी हवेने भरलेला एक रबरी फुगा जोडला. पेटी खाली जाऊ लागली की पाण्याचा दाब फुग्याला दाबी आणि फुग्यातील हवा पेटीत शिरे. त्यामुळे आतला व बाहेरचा दाब सारखा राही. साधी युक्ती, पण तिच्यामुळे पेटी वाचली.

१८९३ साली ही पेटी घेऊन बूताँ बान्यूलच्या समुद्रात उतरले. आता अडचण उभी राहिली ती प्रकाशाची. सूर्यप्रकाशाचा काही भाग पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. जो आत जातो त्यातील तांबडा रंग पाणी प्रथम गिळून टाकते, मग नारिंगी, मग पिवळा. खोलवर उरतो तो निळसर अंधुक उजेड. शिवाय त्या काळच्या छायाचित्राच्या काचा आजच्या मानाने फार मंद होत्या. परिणाम असा झाला की, एका छायाचित्रासाठी कॅमेऱ्याचे भिंग अर्धा अर्धा तास उघडे ठेवावे लागे. तितका वेळ कॅमेरा तिपाईवर निश्चल राहावा लागे. लाटेने पेटी हालली की काच फुकट गेली, आणि तळाचा गाळ ढवळला गेला की काम तेथेच थांबले.

एवढे करूनही हाती काय आले? खडक आले, शैवाले आली. मासा मात्र आला नाही. अर्ध्या तासात कॅमेऱ्यासमोरून शंभर मासे गेले तरी त्यांपैकी एकही काचेवर उमटणार नाही, कारण ज्याला स्थिर राहणे ठाऊक नाही त्याचे चित्र अशा मंद काचेवर कसे उठावे? घर आले, पण घरातली माणसे आली नाहीत. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, तेच चित्रातून गळाले. दुसरा एखादा येवढ्यावर संतुष्ट झाला असता. समुद्राच्या तळाची इतकी स्पष्ट छायाचित्रे तोवर कोणीही घेतली नव्हती, आणि त्यामुळे मिळणारी कीर्ती काही थोडी नव्हती. बूताँ यांचे समाधान झाले नाही. हलता मासा पकडावयाचा तर क्षणभरात चित्र उठले पाहिजे, आणि त्यासाठी समुद्राच्या तळाशी सूर्यासारखा प्रखर प्रकाश स्वतःच निर्माण केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

पाण्यात दिवा लावावयाचा! ऐकणाऱ्याला हसू यावे अशीच ही गोष्ट. पण मॅग्नेशियम हा धातू प्राणवायूत पेटला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. शोफूर नावाच्या एका विद्युत् अभियंत्याने काचेच्या बाटलीत प्राणवायू भरून त्यात मॅग्नेशियमची तार बसवली आणि ती विजेने पेटवण्याची व्यवस्था केली. दिवा पेटला खरा. पण तार एकसारखी जळेना, आणि कधी कधी उष्णतेने बाटलीच फुटे. पाण्यात, चेहऱ्यासमोर, काचेचा स्फोट होणे ही काही लहान गोष्ट नाही. हा मार्ग सोडून द्यावा लागला.

मग प्रयोगशाळेतील यंत्रकारागीर जोझेफ दाविद बूताँ यांच्या मदतीस आला. या माणसाचे नाव मोठ्या ग्रंथांतून क्वचितच आढळते. पण बूताँ यांच्या कामात त्याच्या हातांचा वाटा फार मोठा होता. दोघांनी मिळून सुमारे दोनशे लिटरचे एक पिंप घेतले. त्यात प्राणवायूयुक्त हवा भरली. पिंपाच्या माथ्यावर स्पिरिटचा लहान दिवा ठेवला आणि त्यावर काचेची घंटेसारखी झाकणी घट्ट बसवली. एक रबरी गोळा दाबला की मॅग्नेशियमची पूड त्या दिव्याच्या ज्योतीवर फुंकली जाई आणि समुद्राच्या तळाशी वीज चमकल्यासारखा लखलखाट होई. हवेने भरलेले पिंप पाण्यात बुडेना, म्हणून त्याला शिशाची जड वजने बांधावी लागली. मॅग्नेशियम जळाले की त्याची पांढरी राख उरते; ती काचेच्या झाकणीवर बसे आणि दुसऱ्या खेपेचा उजेड पहिल्यापेक्षा मंद पडे. हे यंत्र बेढब होते, अवजड होते. पण वादळी दिवशी, सूर्य ढगांआड असतानाही, त्याने चित्रे घेता येऊ लागली. अर्ध्या तासाचे काम क्षणावर आले.

पुढची काही वर्षे सुधारणा करण्यात गेली. भिंगे बदलली, पेट्या बदलल्या. एक कॅमेरा इतका जड झाला की तो जहाजावरून उतरवण्यास अनेक माणसे लागत आणि पाण्यात त्याचा भार हलका करण्यासाठी त्याला रिकामे पिंप बांधावे लागे. अखेर १८९९ साली बूताँ यांनी विजेचे प्रखर आर्क दिवे जलाभेद्य कवचात बसवून समुद्रात सोडले. कॅमेऱ्याचे भिंग उघडण्या-मिटण्याचे काम आता विद्युत्‌चुंबकाकडे आले. होडीत बसून कळ दाबावी आणि खोल तळाशी चित्र उठावे, अशी ही योजना होती. पाणबुडा ज्या खोलीवर सहज काम करू शकत नसे अशा पन्नास मीटर खोलीवर त्यांनी कॅमेरा उतरवला, आणि रात्रीच्या काळोखातही त्याने आपले काम केले. होडीत माणूस आणि पाण्यात कॅमेरा, ही आजच्या मासेमारीच्या कॅमेऱ्याची जी मांडणी, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बान्यूलच्या समुद्रात सिद्ध झाली होती.

याच वर्षीचे एक छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. एमिल राकोवित्सा हा रुमानियाचा तरुण शास्त्रज्ञ पाणबुड्याच्या पोशाखात समुद्राच्या तळाशी उभा आहे, असे ते चित्र आहे. राकोवित्सा त्याआधी दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात बेल्जिका या जहाजावरून जाऊन आला होता. पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे असे छायाचित्र जगाने यापूर्वी पाहिले नव्हते. १९०० साली बूताँ यांनी आपल्या सर्व प्रयोगांची हकीकत, त्यांतील फसलेल्या प्रयत्नांसह, एका ग्रंथात लिहून काढली. पाण्याखालील छायाचित्रणावरचा तो पहिला ग्रंथ होय. फसलेले प्रयत्नही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले, यामुळे पुढच्यांचे किती श्रम वाचले असतील याची कल्पनाच करावी.

तरीही पुढे तत्काळ येणारे फारसे कोणी निघाले नाही. पेट्या जड, खर्च मोठा, आणि जहाज व माणसे हाताशी असल्याशिवाय काम चालत नसे. १९१४ साली अमेरिकेतील जॉन अर्नेस्ट विल्यमसन याने बहामा बेटांजवळ लोखंडी नळीतून समुद्रात उतरून हलती चित्रे घेतली. पण ती करमणुकीसाठी होती. बूताँ यांची छायाचित्रे ग्रंथालयांतून पडून राहिली.

बूताँ स्वतः मात्र स्वस्थ बसले नाहीत. १९०४ नंतरची काही वर्षे ते इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या प्रदेशात, शास्त्रीय मोहिमेच्या कामावर होते. तेथून आल्यावर बोर्दो येथे ते प्राध्यापक झाले. गिबन जातीच्या एका वानराला त्यांनी आपल्याजवळ वाढवले आणि त्याचे निरनिराळे आवाज ऐकून त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. १९१३ साली त्यावर त्यांनी एक निबंधही प्रसिद्ध केला. समुद्राच्या तळाशी माशांची वाट पाहणारा माणूस वानराच्या ओरडण्याकडे कान लावून बसला, यात नवल नाही. प्राणी आपल्या मनाप्रमाणे वागत असताना त्याच्याजवळ राहावे, ही त्यांची रीतच होती.

पुढे मोत्यांचा वाद निघाला. जपानचे मिकिमोतो शिंपल्यांत मोती वाढवून ते युरोपात विकू लागले, तेव्हा पॅरिसमधील जवाहिरे खवळले आणि हे मोती खोटे आहेत असे म्हणू लागले. बूताँ यांनी दोन्ही प्रकारचे मोती तपासले आणि शिंपल्यानेच घडवलेला मोती, माणसाने त्याला चालना दिली म्हणून, खोटा ठरत नाही असा निर्वाळा दिला. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना हे रुचणारे नव्हते, परंतु त्यांनी आपले मत बदलले नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते अल्जीरियात गेले. तेथील कास्तिल्योन या किनाऱ्यावरील गावी १९२१ च्या सुमारास मत्स्यसंवर्धनाचे व मासेमारीच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. त्याची धुरा त्यांनी वाहिली. समुद्राच्या तळाचे सौंदर्य टिपण्यासाठी निघालेला हा शास्त्रज्ञ अखेरीस कोळ्यांच्या जाळ्यांचा व माशांच्या पैदाशीचा विचार करू लागला. १९३४ साली अल्जीरियातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे सतरा वर्षांनी, १९५१ साली, इंग्लिश खाडीत बुडालेली ॲफ्रे ही ब्रिटिश पाणबुडी शोधताना दूरचित्रवाणीचा कॅमेरा समुद्रात सोडण्यात आला आणि त्यात तिचे नाव वाचता आले. लगेच स्कॉटलंडमधील मिलपोर्ट येथील सागरी शास्त्रज्ञांनी असाच कॅमेरा जीवांच्या निरीक्षणासाठी वापरून पाहिला. मग स्कॉटलंडच्याच मत्स्यशास्त्रज्ञांनी तो ओढत्या जाळ्यांकडे वळवला. जे शतकानुशतके कोणीही पाहिले नव्हते ते दिसू लागले. जाळे आले की मासा त्यात सरळ शिरत नाही. तो जाळ्याच्या तोंडापुढे, जाळ्याच्याच वेगाने, दमेपर्यंत पोहत राहतो आणि थकला की मागे पडून आत जातो. त्यातही सर्व मासे सारखे वागत नाहीत. हॅडॉक हा मासा थकला की वर उसळतो. कॉड तळाशीच राहतो. हे कळल्यावर जाळ्यात मध्ये आडवा पडदा बसवून दोन्ही वेगळे काढता येऊ लागले. तसेच जाळ्याच्या वरच्या बाजूस चौकोनी छिद्रांची खिडकी ठेवली तर लहान पिल्ले तिच्यातून निसटून जातात, हेही कॅमेऱ्यानेच दाखवले. पिल्ले सुटली तर ती मोठी होऊन पुढल्या हंगामात अंडी घालतात. आणि पिल्लेच जाळ्यात गेली तर कोळ्याचा पुढला हंगाम रिकामा जातो.

मुंबईजवळच्या समुद्रात मात्र हा कॅमेरा वापरणे अजूनही कठीण जाते. बान्यूलचे पाणी नितळ आहे. वेसाव्याच्या खाडीचे पाणी गाळाने गढूळ असते, आणि उधाणात तर ते अधिकच ढवळते. दिवा प्रखर केला तर समोरचा मासा उजळण्याऐवजी पाण्यात तरंगणारे गाळाचे कणच चमकू लागतात आणि पडदा धुक्याने भरल्यासारखा पांढरा होतो. म्हणून दिवा भिंगापासून बाजूला, तिरपा ठेवावा लागतो, कॅमेरा माशाच्या अगदी जवळ न्यावा लागतो, आणि पाणी थोडे निवळेपर्यंत होडीत वाट पाहत बसावे लागते.